त्रेपन्न शब्दांचा मसुदा

मी एक मसुदा बोलतोय. पत्र म्हणू नका. पत्र होणं मोठी गोष्ट असते, ते कुठेतरी पोचलेलं असतं. मी नुसता लिहिला गेलो आणि ठेवून दिला गेलो. ईमेल उघडली की बाजूला खणांची जी यादी दिसते, तिच्यात 'मसुदे' नावाचा एक खण असतो. तिथला मी मूळचा रहिवासी.

माझा जन्म एका जागरणातून झाला. फुलसावंगीपासून चार किलोमीटरवर एक तांडा आहे, तिथे उज्ज्वला राहते. तिची मुलगी अर्पिता नुकतीच दोन वर्षांची झाली होती. एका संध्याकाळी शेजारच्या प्रेरणानं, म्हणजे अर्पिताच्याच वयाच्या पोरीनं, ओसरीवर उभं राहून अख्खं गाणं हातवाऱ्यांसकट म्हणून दाखवलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनी अर्पिताकडे पाहिलं. अर्पितानं तोंडातला अंगठा काढला, "बाटी" म्हणाली आणि अंगठा परत आत घातला. बाटी म्हणजे भाकर. सगळे हसले, उज्ज्वलाही हसली, आणि त्या रात्री तिचा डोळ्याला डोळा लागला नाही.

पोरगी मागे पडली का? आपण मोबाइल दाखवला म्हणून? गाणी म्हटली नाहीत म्हणून? ती पोटात असताना ग्रहणाच्या दिवशी आपण वांगी चिरली होती, त्यामुळे तर नसेल? उज्ज्वला पुसदच्या कॉलेजातून बी.ए. झालेली आहे, ग्रहणाबिहणावर तिचा अजिबात विश्वास नाही. पण पहाटे तीन वाजता बी.ए. कामाला येत नाही.

उजाडल्यावर, नळ यायच्या आधी, तिनं फोन हातात घेतला आणि मला लिहायला सुरुवात केली.

त्याचं असं झालं होतं. आठवडाभरापूर्वी तालुक्याच्या गावी एक शिबिर होतं. तिथे यवतमाळहून प्रियंका मॅडम आल्या होत्या. लहान मुलांचं बोलणं तपासणाऱ्या. त्यांनी अर्पिताला मांडीवर घेतलं, खुळखुळा वाजवून पाहिला, आणि उज्ज्वलाला म्हणाल्या की घाबरू नका, पण लक्ष ठेवू. दोन वर्षांच्या मुलाकडे साधारण पन्नासेक शब्द असावेत. एक महिनाभर, ती स्वतःहून जो जो शब्द म्हणेल तो लिहून ठेवा आणि मला ईमेल करा. मॅडमनी एवढंच सांगितलं. उज्ज्वलानं मान डोलावली आणि आठवडाभर काहीच लिहिलं नाही. लिहिलं तर किती कमी आहेत ते कळेल, ही भीती.

मला पहिली ओळ मिळायला चार दिवस लागले. आधी 'मा. महोदया' होतं. ते तिला सरकारी वाटलं. मग 'नमस्कार मॅडम' झालं, ते फार सलगीचं. मग 'आदरणीय डॉक्टर मॅडम', पण त्या डॉक्टर आहेत की नाहीत हे तिला नक्की ठाऊक नव्हतं. शेवटी पुन्हा 'नमस्कार मॅडम'. त्याखाली 'आपल्याला त्रास देत आहे त्याबद्दल क्षमस्व' हे वाक्य तीन वेगवेगळ्या ठिकाणी होतं.

इथे माझ्या जातीचं एक गुपित सांगतो. मसुदा दर काही सेकंदांनी आपोआप जतन होतो, कोणी काही दाबावं लागत नाही. पण तो जुन्याच्याच अंगावर जतन होतो. खोडलेली ओळ कचऱ्याच्या टोपलीत जाऊन पडत नाही, ती नाहीशीच होते. अख्खी ईमेल टाकली तर सापडते, आतला एक शब्द खोडला तर सापडत नाही. उज्ज्वलाची सगळी संबोधनं अशी हवेत गेली. मी त्यांचा शेवटचा साक्षीदार.

आमच्या घरी ईमेलचा पत्ता एकच. तो उज्ज्वलाच्या सासऱ्यांच्या, रामसिंगांच्या नावाचा. कधीतरी सेतू केंद्रात एका पोरानं काढून दिलेला. पीक विमा त्यावर, गॅस त्यावर, उज्ज्वलाच्या भरतीची प्रवेशपत्रंही त्यावर. तिचा नवरा राजकुमार तिकडे वणीजवळ राजूरला खाणीत मशीन चालवतो, पंधरा दिवसांनी घरी येतो. नवराबायको दोघांच्याही फोनवर हाच पत्ता. आता एकाच पत्त्यावरून त्याच पत्त्याला पत्र काय पाठवणार? म्हणून ही दोघं मसुद्यांतच लिहितात. त्यानं तिकडे अर्ज लिहायचा, हिनं इकडे त्याची भाषा सुधारायची. व्हॉट्सअॅपवर लिहिलं की गेलं, मसुद्यात दोघांनाही खाडाखोड करता येते. तर मी त्या घरातली एक प्रकारची सामाईक वही होतो.

आणि मी भरत गेलो. फार मजेचे दिवस होते ते. अर्पिता काही म्हणाली की तिची आजी बिजलीबाई जिथे असेल तिथून हाक मारायची, लिही म्हणायची. घर बंजाऱ्यांचं. घरात गोरबोली, बाजारात मराठी, टीव्हीवर हिंदी. अर्पिता आईला 'याडी' म्हणायची. 'बेस' म्हणजे बस. 'आव' म्हणजे ये. शेळीला, मांजराला, मिठाला ती जे जे म्हणे ते सगळं माझ्यात आलं. राजकुमारनं राजूरहून 'बाय' आणि 'हॅलो' घातले, व्हिडिओ कॉलवर ऐकलेले. रामसिंगांनी एक शब्द सांगितला आणि बिजलीबाईनं तो खोटा ठरवला. पोरगी खोकली होती, असं तिचं म्हणणं. त्यावरून दोघांत दिवसभर अबोला.

तीन आठवड्यांत माझ्यात त्रेपन्न शब्द झाले. चौदा मराठी, तीन इंग्रजी, बाकी सारे तांड्याच्या बोलीतले. पण मोजणी कोणी केलीच नव्हती. उज्ज्वलाला आकड्याचं भय, बाकीच्यांना आकड्याची गरज नाही.

मग वजनाचा दिवस आला. अर्पिताला घेऊन उज्ज्वला अंगणवाडीत गेली. तिथल्या विमलताई मायेच्या बाई. वजन बरोबर निघालं. जाता जाता त्या एवढंच म्हणाल्या की घरी थोडं मराठीही बोलत जा तिच्याशी, पुढं शाळेत सोपं जाईल. चांगल्या मनानं सांगितलेली साधी गोष्ट. पण उज्ज्वलाच्या डोक्यात साधी गोष्ट साधी राहत नाही. घरी पोचेपर्यंत 'थोडं' गळून पडलं होतं आणि कायदा तयार झाला होता: पोरीशी फक्त मराठीच.

तिनं तो घरात सगळ्यांना सांगितला, शेवटी सासूला. बिजलीबाई तेव्हा तुरी निवडत होती. तिनं सुनेचं सगळं ऐकून घेतलं आणि बाजारातल्या मराठीत म्हणाली, "माह्यी मराठी बजारापुरती हाय, पोरी. तिच्यात भाव करता येते. लाड नाही करता येत."

उज्ज्वलाला वाईट वाटलं, पण पोरीच्या भल्याचं आहे असं ती स्वतःला सांगत राहिली. त्या दिवसापासून बिजलीबाई नातीशी बोलेनाशी झाली. रुसवा नव्हता तो. तिला जे येत होतं ते चालत नव्हतं, आणि जे चालत होतं ते तिला येत नव्हतं. ती अर्पिताला जेवू घालायची, केस विंचरायची, मांडीवर थोपटायची, सगळं मुक्यानं.

त्याच दुपारी उज्ज्वलानं मला उघडलं आणि परक्या नजरेनं पाहिलं. यवतमाळच्या मॅडम हे वाचतील. 'बाटी' वाचतील, 'बेस' वाचतील, आणि म्हणतील, या बाईनं मुलीला काहीच शिकवलं नाही का? तिनं एक नवा मसुदा उघडला. त्यात चौदा मराठी शब्द, आकडे घालून, एकाखाली एक. फार नीटनेटका दिसत होता तो. मग तिनं माझ्यावर बोट ठेवलं, आणि मी टोपलीत आलो.

टाकलेल्या मसुद्याचं नशीब सगळीकडे सारखं नसतं. काही ठिकाणी मसुदा टाकला की तो टोपलीतही जात नाही. खाली क्षणभर एक पट्टी येते, 'पूर्ववत करा' म्हणते, आणि ती गेली की विषय संपला. आमच्या घरची ईमेल जरा मायाळू. ती टाकलेलं सगळं तीस दिवस सांभाळते आणि मग कायमचं मिटवते. म्हणजे मला तीस दिवस मिळाले होते.

टोपलीतले शेजारी तऱ्हेतऱ्हेचे. बियाण्यांच्या जाहिराती. दोन वर्षांपूर्वी होऊन गेलेल्या परीक्षेची आठवण. ओटीपी तर ढिगानं. बिचाऱ्यांचं आयुष्य दहा मिनिटांचं, आणि तेही महिनाभर पडून. त्या गर्दीत मी कोणाला सांगणार की माझ्यात एका मुलीचा अख्खा आवाज आहे? आणि मलाही शंका यायच्याच. मी उज्ज्वलाचा मसुदा, शंकेखोरपणा रक्तातच. वाटायचं, तिचं बरोबर असेल. ती आई आहे, शिकलेली आहे. कदाचित मी खरंच कचरा असेन.

फोन घरातच असायचा, त्यामुळे बाहेरचं कानावर येई. चौदा शब्दांचा तो नीटनेटका मसुदा काही वाढत नव्हता. उज्ज्वला सकाळ-संध्याकाळ अर्पितासमोर बसून चेंडू दाखवायची, कप दाखवायची, काय म्हणतात याला, म्हणून विचारायची. अर्पिता तिच्या तोंडाकडे बघत राहायची आणि उठून निघून जायची. पूर्वी दिवसभर बडबडणारी पोरगी घरात पावलांच्या आवाजापुरती उरली. उज्ज्वलाची जागरणं पुन्हा सुरू झाली. दोन वर्षांची मुलगी आणि चौदा शब्द. मॅडमना हा आकडा पाठवायचा कसा? रोज ती तो मसुदा उघडायची, 'पाठवा'वर बोट न्यायची आणि फोन पालथा ठेवायची.

माझा सव्विसावा दिवस. त्या दुपारी रामसिंगांनी फोन मागून घेतला. ते आपल्या परीनं ईमेलची झाडलोट करतात. आलेली पत्रं वजनदार असतात आणि त्यांच्या भारानं फोन हळू चालतो, असं त्यांचं ठाम मत. महिनाभर ते जाहिराती टोपलीत टाकत होते, तरी फोन भरल्याची सूचना येतच होती. तेव्हा राजकुमारनं त्यांना समजावलं होतं की बाबा, टाकलेलं टोपलीतच बसून असतं, आधी टोपली रिकामी करा.

म्हणून त्यांनी आमचा खण उघडला. वर बटण होतं: 'टोपली रिकामी करा'. ते दाबलं. फोननं विचारलं, तीनशे बहात्तर पत्रं कायमची जातील, नक्की? मी तेव्हाच तुमचा निरोप घेतला होता.

पण रामसिंगांनी 'नाही' दाबलं. त्यांची एक सवय आहे, घराण्यातली. त्यांचे आजोबा बैलांवर माल लादून फिरलेले. मुक्काम हलला की ते म्हणे सगळ्यांच्या मागे थांबत आणि विझलेल्या चुलींमधून एकदा फिरून येत, काही राहिलं का ते पाहायला. कधी पळी सापडे, कधी पैंजण. रामसिंगांना ते चुकत नाही. शेतातून निघतानाही मागे वळून बघतात. तसे ते चष्मा लावून टोपलीत फिरू लागले. एकेक पत्र उघडायचं, तोंडातल्या तोंडात वाचायचं, पुढं सरकायचं. उज्ज्वला आत पीठ मळत होती. बिजलीबाई ओसरीवर गोधडीला टाके घालत होती. अर्पिता पायरीवर बसून मुंग्या बघत होती.

ते माझ्यापर्यंत आले. 'नमस्कार मॅडम' वाचलं. क्षमस्व तीनदा वाचलं. मग थांबले. आपली बोली अशी काचेवर लिहिलेली त्यांनी जन्मात पाहिली नव्हती. ते एकेक शब्द मोठ्यानं म्हणू लागले.

"याडी," ते म्हणाले. "बाटी. बेस."

बिजलीबाईची सुई थांबली.

"आव," त्यांनी पुढचा शब्द वाचला.

आणि पायरीवरून अर्पिता उठली, मुंग्या सोडून, आणि चालत त्यांच्यापाशी आली. कोणी बोलावलं तर येतात तशी.

पिठाचे हात घेऊन उज्ज्वला दारात उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे.

"हे तूच लिहिलं ना?" रामसिंगांनी विचारलं.

"हो बाबा."

"मंग फेकलं काहून?"

ती सांगू लागली. मॅडम यवतमाळच्या, त्यांना आपली बोली कळणार नाही, पुढं शाळा मराठी, विमलताईंनीही सांगितलं, आजकाल असंच करतात. प्रत्येक वाक्य आधीच्यापेक्षा हळू येत गेलं. शेवटचं तर मलाही नीट ऐकू आलं नाही.

बिजलीबाईनं मान वर केली नाही. गोधडीकडे बघतच ती बोलली. त्यांच्या बोलीत बोलली, मी तुमच्यासाठी वऱ्हाडीत सांगतो. "मॅडमनं इचारलं, पोरगी काय बोलते. तू लिहून राह्यली, पोरीनं काय बोलाव."

उज्ज्वला खाली बसली. पिठाचं बोट पदराला पुसून तिनं फोन घेतला आणि मला टोपलीतून बाहेर काढलं. त्याला एकच बटण लागतं. सव्वीस दिवस मी त्या बटणाची वाट पाहत होतो, आणि ते दाबायला तिला एक क्षण लागला. माझ्या काचेवर कणकेचा डाग पडला. तो मला कुठल्याही टिळ्याहून मोठा वाटला.

मग तिनं मोजलं. पहिल्यांदाच. बोट ठेवून, ओठ हलवत. बावन्न, त्रेपन्न. पुन्हा मोजलं. पुन्हा त्रेपन्न. प्रत्येक बोलीतल्या शब्दापुढे तिनं मराठी अर्थ लिहिला. दोन क्षमस्व काढून टाकले, एक ठेवलं. एकदम सगळे काढणं तिच्या स्वभावात नाही. आणि शेवटी तिनं एक ओळ घातली: 'गेल्या सव्वीस दिवसांत एकही शब्द वाढला नाही. त्याचं कारण मीच आहे. घरातल्या बोलीत बोलू नका असं मीच सगळ्यांना सांगितलं होतं. काही नुकसान झालं असेल का?'

ती ओळ म्हणजेच खरं पत्र होतं, बाकी सगळी यादी.

'पाठवा' दाबलं. पाठवल्यावरही काही सेकंद पत्र परत ओढता येतं, हे तिला ठाऊक होतं. तिनं ओढलं. शुद्धलेखन पाहिलं. पुन्हा पाठवलं. पुन्हा ओढलं.

रामसिंग बघत होते. "पेटीत हात घालून चिठ्ठी वापस काढून राह्यली का तू? जाऊ दे तिले."

तिसऱ्यांदा तिनं पाठवलं आणि फोन त्यांच्या हातात देऊन स्वतः आत निघून गेली. मी गेलो.

पाठवलं गेल्यावर मसुद्याचं काय होतं, हे मला तोवर माहीत नव्हतं. मसुद्यांच्या खणातून मी नाहीसा झालो आणि 'पाठवलेली' या खणात आलो. इथे शांतता आहे. इथे कोणी खाडाखोड करत नाही. माझ्यात आता एक कानामात्राही वाढणार नाही की कमी होणार नाही. उज्ज्वलाच्या शंका माझ्या अंगावरून पहिल्यांदाच उतरल्या. माझा तो नीटनेटका भाऊ, चौदा शब्दांचा, तिनं त्याच संध्याकाळी टाकून दिला. त्याच्याबद्दल माझ्या मनात राग नाही. त्याचाही एकेक शब्द खरा होता.

उत्तर दुसऱ्या दिवशी दुपारी आलं. घरात सगळेच होते, तरी उज्ज्वलानं ते आधी एकटीनं वाचलं, मग ओसरीवर येऊन मोठ्यानं. मॅडमनी लिहिलं होतं की मूल कुठल्याही भाषेत बोलो, प्रत्येक शब्द मोजायचा. त्रेपन्न चांगले आहेत. नुकसान झालेलं नाही, पण घरातलं बोलणं बंद करू नका, उलट वाढवा. ज्याला जी भाषा मनापासून येते त्यानं तीच बोलावी. मराठी ती शाळेत शिकेलच. पुढच्या शिबिरात कानांची तपासणी करून घेऊ, म्हणजे शंका नको. ती दोन शब्द जोडून काही म्हणते का, याकडे आता लक्ष ठेवा. आणि शेवटी: यादी फार छान केली आहे, यात आजींची मदत दिसते.

हे शेवटचं वाक्य उज्ज्वलानं दोनदा वाचलं. मग सासूकडे बघून म्हणाली, "आई, चुकलंच माझं."

बिजलीबाईनं मान हलवली. पण बोलली नाही. नातीपुढे जवळजवळ महिनाभर गिळलेलं बोलणं असं एका उत्तरानं वर येत नाही. तिनं अर्पिताला उचलून मांडीवर घेतलं आणि नेहमीसारखी मुक्यानंच थोपटू लागली.

मी आता कोणाच्या उपयोगाचा नाही. माझं काम झालं. पण तुमच्या घरी अशी एखादी टोपली असेलच. ती रिकामी करायची वेळ आली की खुशाल करा, तिचं कामच ते. फक्त त्याआधी एकदा आतून फिरून या. लाजेनं टाकलेलं काही सापडलं तर ते काढून ठेवा. वाईट म्हणून टाकलेलं आणि लाजेनं टाकलेलं, टोपलीला दोन्ही सारखीच दिसतात. एवढीच माझी विनंती.

आणि एक राहिलं. ते माझ्यात लिहिता येत नाही, मी बंद झालोय, म्हणून तुम्हालाच सांगतो. अर्पिता थोडा वेळ थोपटून घेत पडून राहिली. मग ती मांडीवरच उभी झाली, दोन्ही हातांनी आजीची हनुवटी धरली, तिचं तोंड आपल्याकडे वळवलं आणि म्हणाली,

"दादी, बोल."